चार नंबर शेडचे पडदे

"तीन दिवस बसून सगळं सांगितलंस ना त्यांना? मग आता परत कशाला जायचं?" संदेशचा आईवर आवाज चढला होता. "रिटायर झालीस, हार घातला, संपलं."

"हार कुटला? आपल्याच शेडची वीस फुलं दोरीनं बांधली व्हती." शालननं तव्यावरची भाकरी उलटली. "अन् उद्या तू रिटायर झाल्यावर तुला तुझ्या वराळ्याच्या कंपनीनं असं घरी येऊन बोलावलं, तर न्हाई जाणार व्हय?"

"ह्यांना कोण बोलावतंय, आत्या?" सून चैताली पीठ मळता मळता हसली.

शालननं कान्हे गावाजवळच्या गुलाबाच्या मोठ्या कंपनीत बावीस वर्षं काढली. फुलं परदेशी जायची, शालन कागदावर 'हेल्पर'. तिची चार नंबरची शेड खोलगट जागेत. थंडीत तिथं धुकं साचायचं, छताच्या प्लास्टिकला आतून थेंब धरायचे. थेंब कळीवर पडला की पाकळीवर तपकिरी डाग. बावीस हिवाळ्यांत शालनच्या शेडचं एकही फूल डागामुळं परत आलं नव्हतं.

ती निवृत्त व्हायच्या आधी ऑफिसातला करण लॅपटॉप घेऊन आला. जुन्या माणसांची माहिती साठवून ठेवायची होती.

"थेंब फुगले, की पडायच्या आत बाजूचे पडदे वर गुंडाळायचे, म्हंजे वाऱ्यानं ते वाळतात," ती म्हणाली.

"पण किती वाजता, मावशी?"

"आज साडेसातला."

त्यानं साडेसात लिहिलं. फॉर्मात वेळेला रकाना होता, थेंबाला नव्हता.

जानेवारीत नव्या मुली रोज साडेसातला पडदे उघडत राहिल्या. कधी थेंब सहालाच पडून गेलेले असत. दहा दिवसांची फुलं उकिरड्यावर गेली. काल मॅनेजर स्वतः दारात आले, तेव्हा शालननं त्यांना एवढंच विचारलं, "तितं कुणी वर बघतं का, सायेब?"

"मग फोनवर सांग की," संदेश म्हणाला. "रेकॉर्ड करून घेतो म्हणत होते ना?"

"अन् परत साडेसात लिहितील. तिघी पोरी महिनाभर माझ्याजवळ उभ्या करायच्या, असं सांगितलंय मी त्यांना. उघडायचं का थांबायचं, ते प्रत्येकीनं वर बघून सांगायचं. चुकली तर माझ्यादेखत चुकंल. कबूल झालेत ते."

"इतकी वर्षं त्यांना तुझी किंमत नव्हती, आई."

"मला व्हती की."

शालननं शेवटची भाकरी टोपलीत टाकली आणि गॅस बंद केला.

"सोमवारपासून मी पहाटं पाचला निघणार. म्हशीची धार संदेश काढंल, डबा चैताली करंल."