अण्णांचा जिना आणि साहेबांचा नवस

अण्णा गेले तेव्हा त्यांना माडीवरून खाली आणायला चार माणसं लागली. त्यातला एक आमचा भाडेकरू होता.

बाकीचे तिघे गप्प होते. हा मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "जिना जपून हां, काकांना लागेल."

चार वर्षांत पहिल्यांदा त्याला तो जिना दिसला.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. गोड गोड लिहिणार नाहीये. ज्यांना तेच वाचायचंय त्यांनी पुढे स्क्रोल करावं.

वादळात आमची श्रीवर्धनची पोफळीची वाडी आडवी झाली. नुसत्या पेन्शनवर भागेना, म्हणून मी आणि अण्णा माडीवर राहायला गेलो आणि खालच्या खोल्या अकरा महिन्यांच्या करारावर दिल्या.

भाडेकरू दिघीला पोर्टवर कामाला. अण्णा त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. कडक इस्त्रीचा शर्ट आणि जिभेवर साखर.

"काका, मला भाडेकरू समजू नका. मुलगा समजा."

हे वाक्य ऐकलं की तिथल्या तिथे चावी परत मागायची असते. आम्हाला उशिरा कळलं.

करार संपता संपता अण्णांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिना बंद, खाली राहायला जा.

अण्णांनी साहेबांना तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "काका, टेन्शन नको. फक्त गणपती होऊ देत. यंदा इथेच बसवतोय."

"व्हय व्हय," अण्णा म्हणाले. "भाद्रपदात कुणाला घराबाहेर काढायचं न्हाय."

मी म्हटलं, निदान तेवढ्या महिन्यांचं लिहून तरी घ्या.

तीस वर्षं तलाठी असलेला माझा बाप. अर्जावर सही नसेल तर सख्ख्या मेव्हण्याला उतारा दिला नव्हता त्यांनी. ते मला म्हणाले, "घरात बाप्पा बसतोय गो. त्याच्यासमोर कसली सही मागू?"

पहिल्याच आरतीला साहेबांनी जाहीर केलं, नवसाचा गणपती आहे. पाच वर्षं याच जागी बसवायचा, असं बोललोय.

आदल्या वर्षी हेच साहेब गणपतीत सुट्टी टाकून गोव्याला गेले होते.

अण्णांनी हात जोडले.

आता अण्णा त्या आरतीला कसे जायचे ते सांगते. बसून. एका पायरीवर टेकायचं, पाय खाली सोडायचे, पुढच्या पायरीवर टेकायचं. चौदा पायऱ्या. खाली पोचले की माझा खांदा धरून उभे राहायचे, टोपी नीट करायचे आणि मग आत जायचे.

एका संध्याकाळी आरतीचं ताट अण्णांच्या हातात असताना साहेब मला म्हणाले, "ताई, जरा बाजूला होता का? काकांचा फोटो घेतो."

मी झाले बाजूला. मूर्ख कुठली.

दिवाळी झाली, त्यांच्या मुलीची परीक्षा झाली, पावसाळा झाला. साहेब हलले नाहीत. शेवटी आम्ही दावा लावला. कारण सरळ होतं, मालकाला जिना चढवत नाही, खालची जागा हवी.

त्यांचा जबाब आला. सोबत तो फोटो.

"वादी धडधाकट असून, जिना उतरून प्रतिवादीच्या घरी नियमित आरतीस येतात."

प्रतिवादीच्या घरी! आमच्या आजोबांनी बांधलेल्या ओटीवर!

फोटोत अण्णा ताठ उभे आहेत. नीट पाहिलं तर डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरलेली दिसते. पण नीट पाहतो कोण?

अण्णांनी चष्मा लावून जबाब दोनदा वाचला. मग एवढंच म्हणाले, "आरतीला बोलावून फोटो काढला व्हय त्याने."

आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा चौदा पायऱ्या उतरले. मी खूप भांडले. नको नको ते बोलले.

तर म्हणाले, "गणपती त्याचा न्हाय गो."

गावातले शहाणे होतेच. "जाऊ दे ना, माणूस देवभोळा आहे." यांच्यातल्या एकानेही अण्णांना कधी हात देऊन जिना चढवला नाही.

अण्णा गेले त्या दिवशी साहेबांनी स्टेटस ठेवलं. "पितृतुल्य काकांना भावपूर्ण श्रद्धांजली." फोटो कोणता, ते सांगायला नकोच. कोर्टात दिलेलाच. शंभरेक जणांनी हात जोडले असतील.

म्हणून ते दोन शब्द मी आज लिहिणार नाही. ते त्या माणसाने वापरून झालेत.

निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा अण्णांना जाऊन पाच महिने झाले होते. त्यातही साहेबांनी जागा सोडायला मुदत मागून घेतली. गेल्या आठवड्यात बेलिफ आला.

साहेब दारात उभे. डोळ्यांत पाणी वगैरे. "ताई, मूर्तिकाराकडे पाट देऊन झालाय. नवसाचं शेवटचं वर्ष आहे. काका असते तर थांबले असते."

थांबलेच असते. थांबत थांबतच गेले ते.

मी म्हटलं, "गणपती राहू दे. तुम्ही निघा."

त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. मी त्यांच्यासमोर मूर्तिकाराला फोन लावला आणि पाटावरचं नाव बदलून अण्णांचं घालायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत टेम्पो भरला.

नवस खरा होता की खोटा, ते त्यांचं त्यांना माहीत. माझ्या बापाने तो खरा मानला होता आणि त्यापायी शेवटची वर्षं बसून बसून जिना उतरत काढली. पाचवं वर्ष मी पुरं करणार.

काल खालची ओटी सारवून घेतली. तुमची खुर्ची खिडकीपाशी ठेवलीय.

अण्णा, या वर्षी आरतीला खालूनच या.