मधली जाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वैशूला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

तुम्ही म्हणाल, सशांचं काय एवढं? मीही मनाला तेच समजावत आलो.

वैशू माझी मुलगी. पुण्याला नर्स आहे. तिची आई गेल्यापासून डोळखांबच्या घरात दोघंच — मी, आणि वैशूने पाळलेली पांढरी सशाची मादी, कापशी. पोरीचा फोन आठवड्यातून एकदा. "जेवलास का बाबा?" — की संपला. तक्रार कशी करणार? दिवसभर उभी असते ती.

एकदा सुट्टीत येताना तिने काळी मादी आणली, काजळ. म्हणाली, कापशी एकटी झुरते. जाताना बजावून गेली, "एकदम सोडू नको हां, फाडतील एकमेकींना. मधी जाळी ठेव. जाळीला टेकून निवांत बसायला लागल्या, की मग काढ."

आणि फोन रोज यायला लागला. "आज भांडल्या काय?" इथून सुरुवात, मग बाकीचं सगळं — मेसमधली भाजी, मोठ्या सिस्टरचा ओरडा, मधेच तिचं ते हसणं.

पहिल्याच आठवड्यात दोघी जाळीला अंग लावून झोपल्या. इकडून पांढरी, तिकडून काळी. काजळ जाळीतून कापशीचं कपाळ चाटायची.

जाळी बांधलेली एक तार सोडायची होती फक्त. पण तार सोडली की पोर फोनवर विचारणार काय?

"भांडतात गो अजून," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच.

"व्हिडिओ लाव बघू."

"रेंज नाय."

एकदा तर कापशीचे झडलेले केस जाळीपाशी पसरून फोटो पाठवला. "अरे देवा, काय भांडकुदळ आहे ही!" पोर कळवळली. त्या दिवशी खूप वेळ बोलली.

भात कापून झाला, झोडून झाला. जाळी तिथेच. थंडीत एका सकाळी कापशी गेलेली दिसली — जाळीला टेकूनच. पलीकडे काजळ बसून होती, गवताला तोंड न लावता.

वैशूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे बाबा. मीच उगाच दुसरी आणली. त्यांचं जमलंच नसतं."

मी "होय" म्हणालो.

जमलं होतं. पहिल्याच आठवड्यात जमलं होतं.