काकूंनी घासलेली ताटली

काचवाल्या काकूंची भट्टी मागच्या खोलीत होती. रंगीत काचेचे तुकडे रचायचे, भट्टीत वितळवून त्यांची एकसंध ताटली करायची, इथवर सगळी मजा. खरी मारामारी पुढेच. गार झालेल्या ताटलीची कड आणि पाठ पाणी लावून घासावी लागते. आठ वर्षं काकूंनी ती हातानेच घासली: खाली जाड सपाट काच, त्यावर पाणी आणि खरखरीत भुकटी, वरून ताटली गोल गोल. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी भुकटी बदलताना खालची काच, बादली, हात, नखं, सगळं धुवायचं. जाड भुकटीचा एक कण मागे राहिला तरी ओरखडा उठतो, आणि तो घालवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटी उजवं मनगट कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "घासणं थांबवा, नाहीतर हात कायमचा जाईल." म्हणजे मशीन घेणं आलं. काकूंना काय हवंय ते पक्कं ठाऊक होतं: आडवी, सावकाश फिरणारी चकती, वरून पाण्याची बारीक धार. ताटली नुसती टेकवून धरायची. काचकाम शिकवणाऱ्या बाईंकडे त्यांनी ती चालवून पाहिली होती, मनगट अजिबात दुखलं नव्हतं.

पण घरात नवरोबा होते ना! चाळीस वर्षं कारखान्यात फिटर. मशीनमधलं बायकोने त्यांना काय शिकवायचं? "चकती म्हणजे खेळणं गं," ते म्हणाले, आणि तिला न विचारता उभा खरखरीत पट्टा फिरवणारं मशीनचं धूड घेऊन आले. त्यावर ताटली दोन्ही हातांनी अधांतरी धरून दाबावी लागे. काकूंना ती पहिल्याच दिवशी पेलवेना.

"होईल सवय," नवरोबा म्हणाले.

त्याच सुमाराला एका मोठ्या दुकानाने नमुन्याची ताटली मागितली. पसंत पडली तर कायमचं काम. काकूंनी ती भट्टीतून काढली आणि दवाखान्यात गेल्या. तेवढ्यात नवरोबांनी ती पट्ट्यावर चढवली, बायकोला खूश करायला. जाडानंतर बारीक असे पट्टे बदलले, पण मशीनच्या टाकीतलं पाणी तेच ठेवलं. पाणी कशाला बदलायचं, असा त्यांचा हिशोब. जाड कण त्याच पाण्यातून फिरून फिरून वर येत राहिले. काकू परत आल्या तेव्हा ताटलीच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे होते.

बोलून काय उजेड पडणार होता! काकूंनी जुनी जाड काच काढली आणि चार दिवस हाताने घासलं. दारात उभे राहून नवरोबा शेजाऱ्यांना सांगत होते, "एवढं मशीन आणून दिलं, पण हिचा हट्ट बघा." चौथ्या दिवशी ताटली नितळ झाली. पाचव्या दिवशी काकूंना चहाचा कप उचलवेना.

महिन्याभराने दुकानाचं पत्र आलं. ताटली पसंत होती, दर महिन्याला वीस पाठवा.

"बघ, म्हटलं नव्हतं? मशीन आहेच आपलं," नवरोबा म्हणाले.

"उत्तर लिहा," काकू म्हणाल्या. "मला पेन धरवत नाही. लिहा, जमणार नाही. ती ताटली हाताने घासली होती, तो हात आता गेला. कशापायी गेला तेही लिहा."

नवरोबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव काम बंद आहे.' कागद काकूंपुढे सरकवला. काकूंनी वाचलं. ते खोडून टाकावं असं फार वाटलं त्यांना, पण खोडायलाही पेन धरावं लागतं.