लॅबवाल्या बाईंचं नाक

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सुगंधाशी उभं वैर धरलेली एकच व्यक्ती असेल, आणि तिचे उपकार माझ्याच्याने या जन्मी फिटायचे नाहीत. मूल व्हावं म्हणून आम्ही नवरा-बायको ज्या दवाखान्यात खेटे घालत होतो, तिथल्या या लॅबवाल्या बाई. आईबापाचं बीज काचेच्या बशीत एकत्र करून गर्भ वाढवणं हे त्यांचं काम. या गर्भांना उग्र वासाची हवा बाधते म्हणे. म्हणून बाईंनी स्वतः तेल, पावडर, गजरा कायमचा सोडलेला. सख्ख्या भाचीच्या लग्नात अत्तराचा फाया पुढे आला, तशा बाई न जेवताच मागच्या दाराने पसार झाल्या. डॉक्टरांनी हौसेने दवाखाना रंगवून घेतला, तर रंगाचा वास पुरता जाईस्तोवर त्यांनी लॅबमध्ये एकही काम सुरू होऊ दिलं नाही.

जिभेला मात्र गोडवा बेताचाच. आमच्या ह्यांचा धानाचा व्यापार, त्यांनी सवयीने विचारलं, "म्याडम, यश येण्याचे टक्के किती?" बाई म्हणाल्या, "टक्के शंभर बायांचे रायते भाऊ. तुमची एकच हाये. होईल नाईतर नाई होणार."

आमचे दोनच गर्भ तगले होते, आणि ती शेवटची खेप होती. पुन्हा सोसायची ताकद माझ्यात उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी ते पोटात सोडायचे की पाचव्यापर्यंत थांबायचं, हे ठरवायचं होतं. लॅबवाल्या बाई चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरातल्या; धानाच्या रोपाचा, पऱ्ह्याचा दाखला देत बोलल्या, "कवळा पऱ्हा रोवला तं जगते का मरते समजत नाई. वाढू देल्ला तं दमदार कोणता थे दिसते. पण पऱ्ह्यातच गेला, तं रोवाले काहीच रायत नाई." मी थांबायचं ठरवलं आणि लगेच धास्तावले.

त्यात ठरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई आमच्या जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या दर्ग्यावरून लोबान घेऊन आल्या आणि लॅबच्या दारातच धूप पेटवायला बसल्या. काडी ओढणार तोच बाई टोपी-मास्कसकट धावत बाहेर. "आजी, काऊन नातवाच्या जिवावर उठून राहिल्या? रस्त्यावर जाळा. दुवा तिथूनबी लागते." सासूबाई रडवेल्या होऊन भर उन्हात रस्त्याकडेला जाऊन बसल्या. थोड्या वेळाने बाईंनी स्वतः त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची नेऊन ठेवली, लोबान संपेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या, आणि मग अंघोळ करून, कपडे बदलूनच लॅबमध्ये परतल्या.

पाचव्या दिवशी दोहोंतल्या एकाची वाढ थांबली होती. दुसरा तगला. पोटात सोडण्याआधी बाईंनी पडद्यावर दाखवला. "हे पाहा. दमदार हाये," एवढंच म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरले होते.

परवा लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसाला तिला घेऊन पेढे द्यायला गेलो. बाई बाहेर आल्याच नाहीत; आत कुणाचं तरी काम चाललं होतं. काचेपलीकडून त्यांनी टोपी-मास्कमधून लेकीकडे बराच वेळ पाहिलं, हातमोजा घातलेला हात हलवला आणि पाठ फिरवली. आम्ही अजून त्यांचा चेहरा धड पाहिलेला नाही. लेकीने विचारलं, "आई, थे कोन होय?" मावशी म्हणावं की आत्या, मला सुचेना. मग खरं तेच सांगितलं, "ज्यांनी माझ्याही आधी तुला पाहिलं ना बेटा, त्या."