भिंतीवरची रेघ

नव्या रंगाच्या भिंतीवर तळहात ठेवला, की आधी एक गुळगुळीत गारवा जाणवतो. बोटं जरा दाबून धरली, तर भिंतीच्या पोटातलं खरंखोटंही हळूहळू कळू लागतं. पुण्यात, टेकडीच्या उतारावरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात मी असाच डोळे मिटून भिंत चाचपत उभा होतो, आणि त्या तंद्रीत घरमालकीणबाईंना विचारून बसलो, की पुराचं पाणी इथं कुठवर येतं? तिसऱ्या मजल्यावर! बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात सांगितलं, की आमच्याकडे टँकरचं पाणीसुद्धा मिनतवाऱ्या केल्याशिवाय वर चढत नाही. सुनंदानं, म्हणजे बायकोनं, खिडकीतून टेकडी न्याहाळायला घेतली. मला मात्र एखाद्या वास्तूचं इतकं निर्मळ गुणवर्णन आजवर ऐकायला मिळालं नव्हतं. घर ठरलं, असं मी मनात जाहीर करून टाकलं.

काय करणार, आम्ही महाडची माणसं! दुसरीकडे पाहुणा घरात शिरला की पडदे बघतो, देवघर बघतो. आमच्याकडे तो आधी भिंत बघतो. सावित्री नदी जिथवर येऊन माघारी फिरली, तिथं एक पिवळसर रेघ उमटलेली असते, आणि रंगाचे तीन हात दिले तरी ती खालून वर येते. ज्या भिंतीवर लेकरांची उंची पेन्सिलीनं मांडायची, तिच्यावरच नदीही आपली उंची मांडून जाते. माझी मुक्ता आठ वर्षांची होती, तेव्हा तिच्या खुणेच्या दोन वीत वर ती रेघ आली. दप्तरातली पुस्तकं फुगून एकजीव झाली होती. तेव्हापासून पावसाळा आला, की ही पोर रोज संध्याकाळी स्टुलावर चढून दप्तर माळ्यावर ठेवायची. आम्ही कधी कारण विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

म्हणून सुनंदाला बँकेत बढती मिळून पुण्याला बदली झाली, तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एकच होता: मुक्ताचं दप्तर जमिनीवर राहील, असं घर कुठं मिळेल? कुडपणच्या पठारावरच्या मावसभावाला मी सहज फोनवर हे बोललो, तर तो म्हणाला, "इकडंच ये की रे दादा. पूर चढायचा नाय. फक्त शाळा पन चढत नाय." गंमत अशी, की महाडच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून मी वीस वर्षं लोकांचे भाडेकरार लिहीत आलोय. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, ही चतुःसीमा मला झोपेतही पाठ आहे. परंतु त्या चार सीमांच्या आत माणसं कशी राहतात, ह्यासाठी करारात रकाना नसतो, आणि तो नसल्याचं माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

ते सुनंदानं त्या टेकडीवरच्या इमारतीचा जिना उतरता उतरता ध्यानात आणून दिलं. दर मजल्यावर चार दारं, प्रत्येकाला पुढं लोखंडी जाळीचं आणखी एक दार, आणि कुठल्याच उंबऱ्याबाहेर लहान मापाची एक चप्पल नाही, हे तिनं जाता-येता मोजून घेतलं होतं. मी उंचीचं माहात्म्य सांगू लागलो, तर ती पायरीवरच थांबली.

"उंच मजला तिथंही होताच हो," ती म्हणाली. "पण दार सकपाळबाईंनी उघडलं."

सकपाळबाई म्हणजे आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका. पाणी अंगणात शिरलं त्या पहाटे आम्ही जिना चढायच्या आधीच त्यांचं दार सताड उघडं होतं. दोन खोल्यांत अकरा माणसं दोन दिवस राहिली. मुक्ताला त्यांनी चित्रं काढायला जुन्या हजेरीपटाची कोरी पानं दिली. आम्हाला तारलं ते उंचीनं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. उंची बिचारी जिथल्या तिथं उभी असते. हात धरून वर घेणारं कुणी नसेल, तर तिचा उपयोग कावळ्यांना!

मग घरं बघायची वेळ सुनंदानं ठरवली: सायंकाळी सहा. त्या वेळी वस्ती आपलं मन उघडं करते, असा तिचा सिद्धांत. दोन गल्ल्या तिनं गेटवरूनच नापास केल्या. तिसरीत एक तळमजल्याचं घर होतं. तळमजला! आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसलो. एक मुलगी भरधाव सायकल दामटत आली, तशी वरच्या गॅलरीतून कपडे काढणारी एक बाई ओरडली, "सई, ब्रेक लाव! आईला सांगू का?" मुलीनं मुकाट्यानं ब्रेक लावला. ती बाई तिची आई नव्हती, मावशी नव्हती, कुणीच नव्हती. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं. दुसऱ्याच्या लेकराला हक्कानं दटावता येतं, ती वस्ती आपली, एवढं ते ढोसणं बोलकं होतं.

तरी जित्याजागत्या महाडकरानं असं सहज हार मानावी? मी गेटपाशी गेलो आणि उतार कुणीकडे, हे बघायला बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं. लगेच एका आजोबांनी, रस्ता धुवायचं काम नवीन लागलंय का, म्हणून मला झाडलं. पाणी मात्र निमूटपणे घरापासून दूर, गल्लीच्या तोंडाकडे वाहत गेलं. मोठ्या माणसांनाही इथं दटावतात, हे पाहून माझी उरलीसुरली शंकाही त्या पाण्यासोबत गेली.

जूनमध्ये आम्ही राहायला आलो. इथं माळा नव्हता. मुक्तानं स्टूल कपाटाला लावलं आणि दप्तर कपाटावर ठेवलं. जुलैतही तेच. मी रोज वर बघायचो आणि आपण पोरीला तळमजल्यात आणून चुकलो की काय, असा विचार गिळायचो.

ऑगस्टातली ती संध्याकाळ. तीन दिवस झड लागलेली, गल्लीत छत्र्याच छत्र्या. मी घरी आलो, तर दप्तर दारातच पडलेलं: आडवं, तोंड उघडं, एक पट्टा ओल्या फरशीवर. मुक्ता त्या दटावणाऱ्या काकूंकडे, वरच्या मजल्यावर, कॅरम खेळत होती. तिचं हसणं पावसातूनही खाली येत होतं. माझा तळहात आपोआप भिंतीवर गेला. गार होती, कोरडी होती. कुठंही रेघ नव्हती. तरीही जुन्या सवयीनं मी वाकलो, दप्तर उचललं आणि कपाटाकडे निघालो.

"राहू दे ते खाली," स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणाली. "वर ठेवलंत, तर तिला वाटेल बाबा अजून घाबरतात."