परातीतले वाल

आमच्या खालच्या घरातली शेजारीण काकी नसती, तर कापडे गावातल्या आमच्या घराला आज कुलूप असतं. हे आधी सांगतो, काय झालं ते मागाहून.

मी आठवीतून शाळा सोडली आणि फिरत फिरत मस्कतला एका हॉटेलच्या भटारखान्यात पोचलो. घरी आई एकटी. गणपती गेल्यावर एका सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना ती खाली बसली, ती उठेना. तोंड वाकडं, उजवा हात लोंबता. काकीनं बघितलं, रस्त्यावरचा टेम्पो अडवला आणि थेट महाडचा दवाखाना गाठला. अंगावरनं वारं गेलं, असं वाडीतले म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका, वेळेत आणलंत.

मला सुट्टी मिळाली नाही. फोन वाजला की हातातली सुरी टाकून धावायचो, नाही वाजला तर मीच लावायचो.

आई घरी आली, काठी धरून चालू लागली. पण हात चालेना आणि जीभ जड. वाडीनं माया केली ती आपल्या रीतीनं. पाळी लावून घरोघरचं जेवण यायला लागलं. आई साधं भांडं उचलायला गेली तरी कुणीतरी हातातनं काढून घ्यायचं, "बस गो, तू आजारी हायस." महाडला हाताचा व्यायाम शिकवला होता, चेंडू दाबायचा. तो चेंडू तिनं पलंगाखाली ढकलून दिला. व्हिडिओ कॉलवर ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघायची. डोंबिवलीची बहीण म्हणाली, भातकापणी झाली की येते, असंच असेल तर घर बंद करून आईला घेऊन जाते. तिचं चुकत नव्हतं. पण आईला गाव सोडायचं नव्हतं. बहिणीच्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती कशी जगेल, या विचारात मी कांदे कापत राहायचो.

काकी पोलादपूरच्या खानावळींना बिरडं पुरवते. म्हणजे मोड आलेले कडवे वाल पाण्यात घालून एकेक सोलायचे. चिमटीत बेताचा दाब पडला तर साल बोटांत राहते नि वाल अख्खा निसटतो, जास्त पडला की दोन फाका. एका दुपारी तिनं परात आणून आईच्या पुढ्यात ठेवली. पुढचं मला काकीनंच फोनवर सांगितलं.

आईनं परात सरकवली. "मला हसाया आलीस?"

"तुला हसाया मला येळ हाय काय? उद्या माल द्यायचा हाय. उजव्या हातानं सोल."

"फुटतील."

"फुटूंदे. फुटके माझ्या घरी."

आणि खरंच, कितीतरी दिवस काकीच्या घरी फुटक्या वालांचीच आमटी. तिचा नवरा आईला म्हणाला, "वयनी, हात लवकर सुधारा. नायतर पुढचा पेशंट मीच."

परात बघून बाकीच्या बायाही दुपारच्या येऊन बसायला लागल्या. चहा आमच्याच घरी व्हायला लागला, आणि तो आई करायची, थोडा सांडून. एकदा कुणी म्हणालं, दासगावच्या लग्नात वरण अळणी होतं. "खारट," आई म्हणाली, आणि जड जिभेनं ती जी भांडली, ती समोरची गप्प होईपर्यंत.

भात कापून झाल्यावर बहीण बॅग घेऊन आली. रात्री आईशेजारी झोपली, सकाळी तिची अंघोळ, तिचं लुगडं नेसणं बघत राहिली. निऱ्या वेड्यावाकड्या, पण आईनं स्वतः घातलेल्या. दुपारी पडवीतनंच मला व्हिडिओ कॉल केला.

"आई येत नाय म्हणते."

"मग?"

"मग काय. इथं तिला बोलायला माणसं हायत, काम हाय. माझ्याकडे टीव्ही हाय. मी एकटीच जाते."

आईनं फोन घेतला. "तू जेवलास काय?" एवढंच, पण सरळ माझ्याकडे बघून.

मी कांद्यांच्या पोत्यांवर बसलो. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवावं तसं झालं. आईचा हात अजून पुरता आलेला नाही. केस विंचरायला तो वर जात नाही, वेणी काकीच घालते. काळजी जायची नाही, माझा स्वभावच तो. पण आई तिच्या घरात हाय.

काकीला मी फोनवर म्हणालो, तुमचे उपकार कसे फेडू? ती म्हणाली, "आधी गावी तर ये." येणार. काकीच्या गुडघ्यांना आताच चढण सोसत नाही. ते पार थकतील तेव्हा पोलादपूरला माल मी नेईन, वालांची परात आणि बाया तिच्या पडवीत आणीन, ती रिकामी राहू देणार नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.