मोगऱ्याच्या कुंडीतली पट्टी

साबुदाण्याची खिचडी समोर आली की जेवायचं सोडून स्वप्न बघत बसणारा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. जिजाजी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात होते. मातीत जिरणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये साबुदाण्यात असतो तसला स्टार्च मिसळून पिशव्यांची फिल्म काढायची, हीच त्यांची नोकरी आणि हाच ध्यास. स्टार्च कमी पडला तर फिल्म जिरायला युगं लावी, जास्त झाला तर बोट लागताच फाटे. "साधा स्टार्च म्हणजे लग्नात कोपऱ्यात बसलेला पाहुणा, भिया," ते मला समजावत. "कुणाशी बोलणार नाही. त्याला थोडा मॉडिफाय केला ना, की बराबर पंगतीत घुलमिलून जातो." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहत, खिचडी गार होई आणि ताई ती मुकाट्याने परत गरम करी.

एकदा ते स्वतःच्या फिल्मच्या पिशवीत किलोभर दही घेऊन आमच्याकडे आले. पिशवीने दारापर्यंत साथ दिली, पुढचं दही माझ्या नव्या पँटवर. पण गृहस्थ फाटकी कड उजेडात धरून खूश! "देख, किनाऱ्यावरून फाटली. म्हणजे बीचमधे मजबूत आहे!"

सुदामा नगरातल्या घरी ताईच्या एकाही कुंडीवर तिचा हक्क नव्हता. प्रत्येकीत फिल्मची एक पट्टी पुरलेली, तिला बांधलेल्या तांबड्या नायलॉनच्या दोऱ्याचं टोक वर. दर रविवारी जिजाजी ती उकरत, उजेडाला धरत आणि परत मातीत निजवत. पट्ट्या काही जिरेनात. दर आठवड्याला मुळं उकरल्यावर रोपं मात्र काय जगणार! निवृत्तीनंतर दोघं मुलाकडे पुण्याला निघाली, तेव्हा शेवटच्या पट्टीची मोगऱ्याची कुंडी त्यांनी माझ्या हवाली केली. "ही जमली पाहिजे रे. नाहीतर इतकी सालं मी काय केलं?" एवढंसं तोंड करून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग दर रविवारी मी काठाकाठाने उकरू लागलो. कित्येक महिने पट्टी जशीच्या तशी, आणि मी फोनवर बेधडक सांगे, "थोडी पतली झालीये." पुढे ती खरंच विरू लागली, तेव्हा मलाच ते खरं वाटेना. गेल्या रविवारी दोरा ओढला, तर नुसता दोराच हातात आला. सगळी माती चाळली आणि फोन लावला.

"जिजाजी, काहीच उरलं नाही."

"नीट बघितलंस?"

"चाळून बघितलं."

"म्हणजे आता दाखवायला काहीच नाही माझ्याकडे," ते हसले. मग हळूच म्हणाले, "मोगरा?"

"दोन कळ्या आल्यात."

"थांब, तुझ्या ताईला फोन देतो. कळ्यांचं तिला तूच सांग. तिची बहुत रोपं मारली रे मी."